न्यू मेक्सिकोच्या स्टेशनांवर उतरा : अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

शिकागो, कॅन्सस सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बरीच कुटुंबं न्यू मेक्सिकोत फिरायला येतात. ऑक्टोबरात अल्बुकर्कीचा बलून महोत्सव, मग सँटा फेचा जुना चौक, व्हाइट सँड्सची पांढरी वाळू, जमलंच तर कार्ल्सबादच्या गुहा. विमानानं उतरायचं, भाड्याची मोटार घ्यायची, चार दिवसांत सगळं उरकायचं आणि परत. इथे राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना तुम्ही भेटता, आमच्याकडे जेवता, आणि त्याचा आनंदच असतो. पण या बेतात रेल्वे जवळजवळ कधीच नसते. म्हणून हे पत्र.

विनंती आधीच सांगून टाकते. पुढच्या वेळी न्यू मेक्सिकोला आगगाडीनं या आणि इथल्या एखाद्या जुन्या स्टेशनावर सामान घेऊन खरोखर उतरा. खिडकीतून फोटो काढून पुढे जाऊ नका.

ही विनंती तुम्हालाच करण्याचं कारण नकाशात आहे. अ‍ॅमट्रॅक या अमेरिकेच्या सरकारी प्रवासी रेल्वे कंपनीची साउथवेस्ट चीफ ही गाडी रोज शिकागोच्या युनियन स्टेशनातून निघते, कॅन्सस सिटीवरून जाते आणि २,२६५ मैल कापून लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनात पोचते. प्रवास साधारण ४३ तासांचा. तुमची तिन्ही शहरं या एका गाडीवर आहेत, आणि मधलं आमचं राज्य ती वेळेवर असली तर बहुतेक दिवसाउजेडी पार करते. न्यू मेक्सिकोत ती पाच ठिकाणी थांबते : रटोन, लास व्हेगस, लेमी, अल्बुकर्की आणि गॅलप. हे लास व्हेगस नेव्हाडातलं जुगाराचं शहर नव्हे. आमचं लास व्हेगस त्याच्याहून जुनं आहे, आणि १८७९ च्या ४ जुलैला तिथे पहिली गाडी आली तेव्हा नेव्हाडातल्या त्या शहराचा पत्ताही नव्हता.

या स्टेशनांचा जीव त्या एका गाडीत का अडकला आहे, ते समजायला रटोनचा घाट समजला पाहिजे. कोलोरॅडोतून न्यू मेक्सिकोत उतरायला सोयीची अशी ती एकच खिंड होती. १८७८ साली अ‍ॅचिसन, टोपीका अँड सँटा फे आणि डेन्व्हर अँड रिओ ग्रँड या दोन कंपन्यांत तिच्यावरून चढाओढ लागली. सँटा फेच्या माणसांनी आधी जागा धरली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात गाडी खिंडीपलीकडे आली. आपला बोरघाट ३७ फुटांना १ फूट चढतो आणि त्यासाठी आजही कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. रटोनचा चढ त्याहून कडक, २८-२९ फुटांना १ फूट. सँटा फे कंपनीला तिथे मदतीची इंजिनं कायम तयार ठेवावी लागत. कोळसा, पाणी, माणसं, वेळ, सगळ्याचा खर्च. म्हणून कंपनीनं दक्षिणेकडून, क्लोव्हिस आणि बेलेनवरून, सौम्य चढाचा दुसरा मार्ग बांधला. १९०८ मध्ये हा बेलेन कटऑफ सुरू झाला आणि मालगाड्या हळूहळू तिकडे वळल्या. आज क्लोव्हिस-बेलेन मार्गावर मालगाड्यांची रांग असते, आणि रटोनच्या घाटात शिकागोकडची एक आणि लॉस एंजेलिसकडची एक अशा दोन प्रवासी गाड्यांखेरीज जवळजवळ काहीच जात नाही.

मालगाडी नसलेला मार्ग सांभाळण्यात रूळमालक कंपनीला रस उरत नाही. गेल्या दशकात हा मार्ग बंद पडण्याच्या बेतात आला होता. रुळांच्या दुरुस्तीचे पैसे कोण देणार यावर वर्षानुवर्षं रखडपट्टी चालली. कॅन्सस, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोतल्या गावांनी आपल्या छोट्या तिजोरीतून वाटा उचलला, केंद्राकडून अनुदानं मिळवली. तरी २०१८ साली अ‍ॅमट्रॅकनं प्रस्ताव मांडला की कॅन्ससमधल्या डॉज सिटीपासून अल्बुकर्कीपर्यंत गाडीऐवजी बस चालवावी. बसचा अर्थ इथल्या लोकांना लगेच कळला : रटोन, लास व्हेगस आणि लेमी ही तीन स्टेशनं संपली. तिन्ही राज्यांचे सिनेटर, दोन्ही पक्षांचे, एकत्र उभे राहिले. काँग्रेसनं या मार्गासाठी ५ कोटी डॉलर मंजूर केले आणि गाडी वाचली. पण तिच्या खर्चाचा प्रश्न दर अर्थसंकल्पात नव्यानं येतो. २००८ च्या कायद्यानुसार ७५० मैलांहून कमी लांबीच्या गाड्यांचा खर्च राज्यांनी उचलायचा आणि त्याहून लांब गाड्यांचा केंद्रानं. म्हणजे लेमीच्या फलाटावर गाडी थांबणार की नाही, यात शिकागोच्या नेपरव्हिलमधल्या मराठी मतदाराचाही हात आहे. तुमचा खासदार त्या अनुदानावर मत देतो.

आता स्टेशनांकडे येते, कारण नुसत्या अर्थसंकल्पासाठी कुणी सहल काढत नाही.

रटोनचं स्टेशन १९०३ सालचं, जुन्या स्पॅनिश मिशन चर्चांच्या धाटणीचं, कमानींचं. उन्हाळ्यात फलाट मुलांनी भरून जातो, कारण जवळच सिमरॉनला स्काउटांचा फिलमाँटचा मोठा तळ आहे आणि देशभरातली मुलं पाठीवर बोजे घेऊन इथे उतरतात. तुमच्या मंडळातल्या कुणा ना कुणाच्या मुलानं तिथे पदभ्रमण केलंच असेल. रेल्वेच्या इतिहासात मात्र रटोनचं नाव वेगळ्याच कारणानं येतं. त्या काळी गाडीत जेवण नसे. गाडी स्टेशनावर थांबायची, उतारूंनी धावत जाऊन मिळेल ते कदान्न घशाखाली ढकलायचं आणि शिट्टी वाजली की परत पळायचं. फ्रेड हार्वी नावाच्या इंग्लंडहून आलेल्या माणसानं हे बदललं. १८७६ मध्ये टोपीका स्टेशनात त्यानं पहिलं भोजनगृह काढलं आणि सँटा फेच्या मार्गावर स्टेशनागणिक ती साखळी वाढवली. गाडीतच उतारूंना विचारून किती पानं लागतील त्याची तार पुढच्या स्टेशनाला जाई, आणि गाडी आत शिरेपर्यंत टेबलं मांडून तयार असत. स्वच्छ कापड, चांगली चिनीमाती, ताजं मांस आणि भाजी, तेही वाळवंटात. १८८३ साली रटोनच्या भोजनगृहातल्या पुरुष वाढप्यांत मारामारी झाली, त्यांना काढून टाकलं आणि त्यांच्या जागी तरुण मुली नेमल्या, अशी हकीकत सांगतात. तिथून हार्वी गर्ल्सची परंपरा सुरू झाली. काळा झगा, पांढरा एप्रन, राहायला स्टेशनावरच खोली, रात्री ठरावीक वेळेला आत. १८ ते ३० वयाच्या हजारो मुली पूर्वेकडची घरं सोडून एकट्या या स्टेशनांवर नोकरीला आल्या. त्या काळात मुलीला बाहेरगावी मानानं राहून पगार मिळवायचे मार्ग फार थोडे होते. स्टेशन हा त्यातला एक होता. या इमारतींकडे पाहताना मला वास्तुशिल्पाआधी त्या मुली आठवतात.

लास व्हेगसला उतरलात की फलाटाला लागूनच कास्तान्येदा आहे. हे सँटा फे रेल्वे आणि हार्वी यांचं हॉटेल. १८९९ च्या जानेवारीत उघडलं, आणि त्याच उन्हाळ्यात थिओडोर रूझवेल्ट आपल्या रफ रायडर्स पलटणीच्या पहिल्या स्नेहसंमेलनाला इथे आले होते. त्या पलटणीत न्यू मेक्सिकोची माणसं खूप होती. १९४८ मध्ये हॉटेल बंद पडलं आणि पुढे कितीतरी दशकं ती भली मोठी कमानींची इमारत रुळांकडे तोंड करून जवळजवळ रिकामी उभी राहिली. पाडली मात्र नाही. अ‍ॅरिझोनातल्या विन्स्लोचं ला पोसादा हॉटेल वाचवणाऱ्या माणसानं २०१४ मध्ये हेही घेतलं आणि २०१९ मध्ये ते पुन्हा उघडलं. गाडी चालू नसती तर रुळांकाठच्या त्या रिकाम्या इमारतीत पैसे घालायला कुणी पुढे आलं असतं असं मला वाटत नाही.

लास व्हेगसजवळ आणखी एक जागा आहे, आणि तिथे आपला खराखुरा धागा आहे. रेल्वे कंपनीनं गावापासून सहा मैलांवर गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी माँटेझुमा नावाचं आलिशान हॉटेल बांधलं होतं आणि तिथवर स्वतंत्र फाटा टाकला होता. आधीच्या इमारती जळाल्या, आज उभी आहे ती १८८६ ची, शिकागोच्या बर्नहॅम आणि रूट या वास्तुविशारदांची. शिकागोकरांना ही नावं सांगायला नकोत. हॉटेल चाललं नाही. पण १९८२ पासून तिथे युनायटेड वर्ल्ड कॉलेजचा अमेरिकेतला परिसर आहे, आणि त्याच चळवळीचं भारतातलं कॉलेज आपल्या मुळशी तालुक्यात, पुण्यापासून तासाभरावर आहे. रेल्वेनं श्रीमंत प्रवाशांसाठी बांधलेल्या वाड्यात आज जगभरची सोळा-सतरा वर्षांची मुलं शिकतात. हॉटेलच्या फाट्याचे रूळ कधीच गेले, पण लास व्हेगसचं स्टेशन अजून जवळच आहे.

लेमी हे खेडं म्हणावं एवढंसं गाव. तरी या पाचांत माझं सगळ्यात आवडतं. कंपनीच्या नावातच सँटा फे होतं, पण डोंगरामुळे मुख्य मार्ग सँटा फे शहराला टाळून गेला. शहराला हे झोंबलं. काउंटीनं रोखे काढले आणि लेमीपासून १८ मैलांचा फाटा बांधून घेतला. १८८० च्या फेब्रुवारीत त्या फाट्यावरून पहिली गाडी राजधानीत आली. मुख्य मार्गावरच्या गाडीनं सँटा फेला जाणारा प्रवासी लेमीला उतरत आला. १९४३ पासून उतरणाऱ्यांत वेगळीच माणसं दिसू लागली. आपण कुठे चाललो आहोत ते त्यांनी घरी सांगितलेलं नसे. सँटा फेत १०९ ईस्ट पॅलेस या पत्त्यावर जायचं, एवढंच त्यांना ठाऊक असे. तिथे डोरोथी मॅककिबिन नावाच्या बाई त्यांना पास देऊन वर डोंगरावर लॉस अलामोसला, अणुबाँबच्या गुप्त प्रयोगशाळेत, धाडत. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर इथे आले ते निकोलस बेकर या नावानं. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत आज भारतीय शास्त्रज्ञ मोठ्या संख्येनं आहेत, त्यात मराठीही आहेत. त्यांच्या आधीच्या पिढीनं अणुयुगात पहिलं पाऊल टाकलं ते लेमीच्या या साध्या फलाटावर. तिथे अणुबाँबबद्दल काय वाटायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला तिथे भीती वाटते, आणि जागा टिकली म्हणूनच ती भीती इतकी जवळ येते.

फलाटाशेजारी एल ऑर्तिस नावाचं दहाहून कमी खोल्यांचं सुंदर हॉटेल होतं. ते आता नाही. त्याची आतली सजावट मेरी कोल्टर यांची होती. हे नाव लक्षात ठेवा. स्त्रिया वास्तुशिल्पात जवळजवळ नव्हत्या त्या काळात त्यांनी फ्रेड हार्वी कंपनीसाठी चाळीसेक वर्षं काम केलं. ग्रँड कॅन्यनला गेलात तर त्यांचा वॉचटॉवर तुम्ही पाहिला असेलच. गॅलपला स्टेशनालगत त्यांनी एल नावाहो हॉटेल बांधलं. १९२३ मध्ये ते उघडलं तेव्हा भिंतींवरच्या, नावाहो या मूळ रहिवासी जमातीच्या वाळूचित्रांमुळे नावाहो वैद्यांकडून विधिपूर्वक आशीर्वाद घेतले गेले. १९५७ मध्ये रूट ६६ हा महामार्ग रुंद करायला ते पाडलं. कोल्टर तेव्हा जिवंत होत्या. गॅलपच्या स्टेशनाची इमारत मात्र उभी आहे, तिथे आज सांस्कृतिक केंद्र आहे आणि चीफचे उतारूही तिथेच थांबतात.

अल्बुकर्कीबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. हे माझं गाव. १८८० च्या एप्रिलमध्ये रेल्वे आली ती जुन्या चौकापासून दोन मैल पूर्वेला, आणि त्या रुळांभोवती नवं शहर उभं राहिलं. १९०२ मध्ये स्टेशनाला लागून अल्वाराडो हॉटेल उघडलं : लांबच लांब सज्जे, बुरुज, अंगणं, कारंजी. शेजारच्या, मूळ रहिवाशांच्या कलावस्तूंच्या इंडियन बिल्डिंगची आतली मांडणी कोल्टर यांचीच. तिथे नावाहो विणकर आणि पुएब्लो (मातीच्या घरांच्या गावांत राहणाऱ्या मूळ रहिवाशांच्या जमाती) कुंभार उतारूंसमोर काम करत आणि वस्तू विकत. या विक्रीची दुसरी बाजूही सांगायला हवी. हार्वी कंपनीनं मूळ रहिवाशांचं एक रंगीत, सोयीचं चित्र रंगवून विकलं, आणि ज्यांच्या जमिनीतून रूळ गेले त्यांच्या वाट्याला त्या मानानं थोडं आलं. पण इस्लेटा आणि लगुना या पुएब्लोंतल्या बायका मडकी घेऊन फलाटावर बसत तेव्हा त्या चित्राचा भाग म्हणून बसलेल्या नसत, त्या आपला संसार चालवत होत्या. लगुना पुएब्लोनं तर रेल्वेशी थेट करारच केला होता : आमच्या जमिनीतून रूळ जाऊ द्यायचे, तर आमच्या माणसांना रेल्वेत काम द्यायचं. करार तोंडी होता, आणि त्याला मैत्रीचं फूल म्हणत. दरवर्षी दोन्ही बाजूंनी भेटून तो ताजा करायचा, म्हणजे फुलाला पाणी घालायचं. लगुनाची कुटुंबं कॅलिफोर्नियातल्या रिचमंडपर्यंत रेल्वेकामाला गेली आणि तिथल्या यार्डात मालडब्यांतून घरं करून राहिली. स्टेशनं जपायची तर ही माणसंही त्या जपण्यात हवीत. फक्त कमानी आणि कौलं जपून भागणार नाही.

१९७० च्या फेब्रुवारीत अल्वाराडो पाडलं. रेल्वे कंपनीच्या मालकीची जागा होती, गावकऱ्यांनी विनवण्या केल्या, पैसे जमले नाहीत. त्या जागी मोटारी लावायचं मैदान झालं. जुनी स्टेशन इमारत तेवढी उरली होती, ती १९९३ मध्ये आगीत गेली. आज तिथे अल्वाराडो नावाचंच नवं वाहतूक केंद्र आहे, जुन्या धाटणीचं, बुरुजासकट. साउथवेस्ट चीफ, रेल रनर लोकल आणि शहराच्या बसगाड्या तिथेच येतात. नवी इमारत कामाची आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण पन्नाशी ओलांडलेला कुणीही अल्बुकर्कीकर भेटला तर अल्वाराडोचा विषय काढून बघा. लहानपणी ते पाडताना पाहिलेली माणसं अजून आहेत. या शहरात जुन्या वास्तूंच्या रक्षणाची चळवळ खऱ्या अर्थानं पेटली ती त्या पाडकामानंतर.

बेलेननं अल्बुकर्कीचं पाहून आपलं वाचवलं. १९१० सालचं तिथलं हार्वी हाउस पाडायचं घाटत होतं तेव्हा गाव उभं राहिलं. आज ते संग्रहालय आहे, आणि रेल रनरनं अल्बुकर्कीहून सहज जाता येतं. रेल रनर २००६ मध्ये सुरू झाली, २००८ च्या डिसेंबरात सँटा फेला पोचली. ती पुएब्लोंच्या जमिनींतून जाते. तिथे फोटो काढू नका अशी विनंती असते, ती पाळा. मुलांना दारं मिटतानाचा कार्टूनमधल्या रोडरनरचा आवाज फार आवडतो.

गाडी गेल्यावर स्टेशनाचं काय होतं, याची उदाहरणंही इथेच आहेत. टुकमकॅरीचं १९२६ चं देखणं स्टेशन गावानं मेहनतीनं दुरुस्त केलं, संग्रहालय केलं. पण १९६८ मध्ये शेवटची प्रवासी गाडी गेली ती गेली. समोरून मालगाड्या धडधडत जातात आणि फलाटावर कुणी उतरत नाही. मेक्सिकोच्या सीमेवरच्या कोलंबसला १९१६ च्या ९ मार्चला मेक्सिकन क्रांतिकारक पांचो व्हियाच्या माणसांनी हल्ला केला. तिथलं रेल्वे स्टेशन आज त्या घटनेचं संग्रहालय आहे, आणि रूळसुद्धा उरलेले नाहीत. या गावांनी केलेल्या कामाला मी हात जोडते. पण स्टेशनाला गाडी असणं वेगळं.

रूळ गेल्यावरही जागेतून काय उगवू शकतं, ते मात्र सँटा फेच्या उत्तरेला पाहायला मिळतं. डेन्व्हर अँड रिओ ग्रँडची तीन फुटी अरुंद मापाची एक लाइन कोलोरॅडोतल्या अँटोनिटोहून रिओ ग्रँड नदीच्या खोऱ्यातून सँटा फेला येत असे. मिरचीच्या माळा वाहणारी म्हणून तिला चिली लाइन म्हणत. १९४१ च्या सप्टेंबरात ती बंद झाली. तिच्यावरचं एंबुडो हे एवढंसं स्टेशन, पण १८८९ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं नदीचं पाणी मोजण्याचं आपलं देशातलं पहिलं केंद्र तिथेच उभारलं, कारण तिथवर रेल्वे होती आणि हिवाळ्यातही नदी सहसा गोठत नसे. आज देशभर हजारो नद्यांवर जी मोजणी चालते, तिची सुरुवात त्या छोट्या स्टेशनाशेजारी झाली.

आणखी खाली ओटोवीचा थांबा. वर डोंगरावर लॉस अलामोस रँच स्कूल नावाची मुलांची शाळा होती. तिचं रेल्वेनं येणारं सामान उतरवून घ्यायला १९२८ मध्ये ईडिथ वॉर्नर नावाची बाई त्या ओसाड पुलाजवळच्या झोपडीवजा घरात राहायला आली. सान इल्देफोन्सो पुएब्लोचे टिलानो तिच्या सोबतीला असत. तिनं तिथे चहाचं दुकान चालवलं. तिचा चॉकलेट केक प्रसिद्ध होता. रूळ उखडले, युद्ध आलं, शाळेची जागा सरकारनं घेतली, आणि मग वरच्या गुप्त गावातले ओपेनहायमर, बोर आणि त्यांचे सहकारी गटागटानं तिच्या घरी रात्री जेवायला येऊ लागले. ओपेनहायमर तिला युद्धाआधीपासून ओळखत होते. ते काय करत आहेत हे तिनं विचारलं नाही. एका आडवाटेच्या रेल्वे थांब्यामुळे ती बाई तिथे होती, म्हणून त्या माणसांना आठवड्यातून एक संध्याकाळ घरचं जेवण मिळालं. मला हा थांबा सँटा फेच्या सगळ्या कलादालनांपेक्षा मोठा वाटतो.

आणि राज्यानं मनावर घेतलं तर काय होतं, तेही सांगते. १९७० मध्ये, अल्वाराडो पडलं त्याच वर्षी, न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडो या दोन राज्यांनी मिळून चामा ते अँटोनिटो हा ६४ मैलांचा अरुंद मापाचा मार्ग ५ लाख ४७ हजार डॉलरच्या आसपास विकत घेतला. कुंब्रेस अँड टोल्टेक या नावानं वाफेची इंजिनं आजही तिथे १०,०१५ फुटांची खिंड चढतात. चामाचं १८९९ चं स्टेशन आजही तिकिटं विकतं. दोन राज्यांनी मिळून रेल्वे चालवणं सोपं नव्हतं, पण त्यांनी ती टिकवली.

आता सहलीचा बेत. शिकागोहून दुपारी बसलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडतात ते गवताळ माळांवर. दुपारच्या आत रटोनचा घाट लागतो. तिथून लास व्हेगसला उतरा आणि एक रात्र राहा. राहायची सोय आधी विचारून पक्की करा, गाव लहान आहे. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं लेमी. लेमीहून सँटा फेला जायचं वाहन आधी ठरवलेलं हवं, ऐन वेळी काही मिळत नाही. फाट्यावर २०२१ पासून स्काय रेल्वेच्या पर्यटक गाड्याही चालतात. सँटा फेहून रेल रनरनं अल्बुकर्की आणि तसंच पुढे बेलेन. परत शिकागोला जाणाऱ्यांनी अल्बुकर्कीला चीफ पकडावी. लॉस एंजेलिसकरांनी हाच मार्ग उलटा करावा : संध्याकाळी निघा, सकाळी गॅलप. व्हाइट सँड्सला जायचंच असेल तर थोडी वाट वाकडी करून क्लाउडक्रॉफ्टजवळचा १८९९ चा लाकडी रेल्वे पूल बघून जा. तिथे आता गाडी नाही, पण तो पूल पाहून मुलं गप्प होतात.

गाडी उशिरा येईल. मालगाड्यांना वाट देत तासन्‌तास थांबेल. वयस्कर मंडळींसाठी झोपायचा डबा घ्या आणि तो काही महिने आधी राखून ठेवा. पिठलं-भाकरी नाही मिळणार, पण डबे बांधून न्यायला कुणी अडवत नाही, आणि आपल्या जागेवर दशम्या उघडल्या की शेजारचे लोक चौकशी करतातच.

मंडळानं एकत्र यावं असं म्हणते त्याला हिशेबाचं कारण आहे. अ‍ॅमट्रॅक दर स्टेशनावर किती माणसं चढली-उतरली ते मोजतं आणि दरवर्षी जाहीर करतं. शिकागोच्या आकड्यात तीस माणसं बुडून जातात. लास व्हेगस किंवा लेमीच्या आकड्यात ती दिसतात. पुढच्या वेळी कुणी बसचा प्रस्ताव मांडेल तेव्हा तोच आकडा समोर ठेवला जाईल.

दुसरं काम सहलीहून परतल्यावरचं. तुमच्यापैकी जे नागरिक आहेत त्यांनी आपल्या खासदाराला पत्र लिहावं : लांब पल्ल्याच्या गाड्यांचं अनुदान कमी करू नका, आणि रटोन मार्गाच्या रुळांसाठी पैसे ठेवा. जे अजून मतदार नाहीत त्यांनीही लिहावं, राहणाऱ्याचं पत्र खासदाराच्या कार्यालयात घेतलं जातं. मंडळाच्या नावावर पाठवता येत नसेल तर घरोघरी वेगवेगळी पत्रं पाठवा. पत्रात कुठे उतरलात ते स्टेशनाचं नाव आणि तारीख लिहा. दिवाळी अंकात प्रवासवर्णन छापणार असाल तर सोबत गाडीचं वेळापत्रकही छापा, म्हणजे वाचणाऱ्याला लगेच बेत करता येईल.

बलून महोत्सवाच्या आठवड्यात अल्बुकर्कीतल्या मुक्कामाच्या जागा फार लवकर संपतात. तुमच्या सहलीच्या बैठका उन्हाळ्यात होतात, तेव्हाच गाडीची आणि लास व्हेगसच्या रात्रीची नोंदणी करून टाका. अल्बुकर्कीच्या फलाटावर उतरवून घ्यायला आम्ही इथली मंडळी येऊ.

आपली,
अल्बुकर्कीतली एक मराठी रहिवासी